बर्फगल्लीची पाहणी

६ जानेवारी

धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझा फोन हल्ली तुझा सहायक उचलतो आणि "साहेब बैठकीत आहेत" म्हणतो. शेवटी मी त्याला म्हटलं, "बाबा रे, तुझ्या साहेबाला नाक पुसायला मी शिकवलं, मला बैठका सांगू नकोस." तर विचारतो, "निरोप काय लिहून घेऊ?" म्हणून हे पत्र. पाकिटावरचं अक्षर ओळखून तरी तू स्वतः उघडशील.

तू आमदार झालास त्याची झिंग गल्लीच्या डोक्यातून अजून उतरलेली नाही. निकालाच्या दिवशी न्हाव्याने फुकट दाढ्या केल्या, आणि ज्यांच्या केल्या त्यांना रोज आठवण करून देतो. खानावळीतल्या काकू आल्यागेल्याला "आपला आमदार, आपला आमदार" ऐकवतात. तुझे दाजी काही बोलत नाहीत, पण कॉम्प्रेसरच्या खोलीत तुझा पेपरातला फोटो चिकटवलाय. तेलकट हातानेच चिकटवला, त्यामुळे तुझ्या गालावर काळा अंगठा उठलाय. शोभतो तुला.

आता कामाचं. गल्लीच्या तोंडाशी जुनं गोदाम पाडून हॉटेल झालं ते तुला माहीत आहे. तिथल्या पाहुण्यांना आपल्या बर्फाच्या क्रशरमुळे झोप येत नाही. पालिकेची नोटीस आली आहे की रात्री दहा ते सकाळी सहा बर्फ फोडायचा नाही. अरे, बोटी लागतात पहाटे. मासळी उतरली की बर्फ लगेच लागतो आणि फोडलेलाच लागतो. मग काय, दुपारी फोडून पहाटेपर्यंत मांडीवर घेऊन बसू?

मी बाईला सांगितलं, म्हणजे नोटीस घेऊन आलेल्या बाईला, की हॉटेल काल आलं, कारखाना आमच्या बाबांनी घातला तेव्हा त्या हॉटेलचा मालक दुपट्यात असेल. ती म्हणाली, नियमात आधी-नंतर काही नाही.

तू शिकलास, मी कारखान्यात राहिले. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. लादी साच्यातून सुटताना जो आवाज होतो ना, तो ऐकला की मला अजून बरं वाटतं. पण हा कारखाना बंद पडला तर मला दुसरं काही येत नाही, आणि या वयात शिकायची हौसही नाही. शिवाय मी एकटी नाही. आपले हमाल, ट्रकवाले रात्री जागे असतात म्हणून काकूंची खानावळ चालते, न्हावी रात्री दुकान उघडतो, पंक्चरवाला दिवा लावून बसतो. आपण थांबलो की सगळे गुंडाळणार.

कायदे तुम्हीच करता ना? मग कर की एक.

तुझी ताई


२१ जानेवारी

ताई,

नमस्कार. सहायकाला झापलं. तो म्हणतो, "त्या बाईंनी मला बोलूच दिलं नाही." मी म्हटलं, मलाही कधी दिलं नाही.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि रात्रभर बसून एक टिपण केलं. ताई, आपल्याकडे कायद्याला रात्रीच्या दोनच गोष्टी कळतात, चोरी आणि झोप. रात्री काम करणारा माणूस त्याच्या लेखी नाहीच. मी विधेयक मांडतोय. एखादी गल्ली 'रात्रपेठ' म्हणून जाहीर झाली की तिथल्या कारखान्यांना, दुकानांना, खानावळींना रात्रभर मुभा. पालिकेची नोटीस आपोआप रद्द. स्थानिक उद्योग टिकेल आणि रात्रीचा धंदाही वाढेल. पक्षात सगळ्यांना कल्पना आवडली आहे. पहिल्याच अधिवेशनात पहिल्यांदा निवडून आलेल्याचं विधेयक चर्चेला येणं ही साधी गोष्ट नाही, म्हणून जरा घमेंड आली आहे, माफ कर.

विधेयक आधी समितीकडे जातं. समिती पाहणीला येणार आणि मी सुचवलंय की आपलीच गल्ली बघावी. अध्यक्ष बाई करड्या आहेत. बाकीच्या सभासदांनी कारखाना फोटोतच पाहिलेला. तेव्हा गल्ली नीटनेटकी दिसू दे. पायाखाली चिखल नको, अमोनियाचा वास नको. बाकी पाहुण्यांचं कसं करायचं ते तुला सांगायची गरज नाही.

दाजींना नमस्कार. फोटो पुसू नका म्हणावं.

धाकटा


१७ फेब्रुवारी

धाकट्या,

तुला परत जाताना गाडीत बसायची इतकी घाई होती की बोलणंच झालं नाही. म्हणून आता सगळं सविस्तर लिहिते, म्हणजे तू नव्हतास तेव्हाचंही कळेल.

आठवडाभर आम्ही गल्ली घासत होतो. न्हाव्याने दुकानाला रंग दिला, तो ओला असतानाच स्वतः टेकला आणि पाहणीभर भिंतीकडे पाठ करून उभा राहिला. काकूंनी भांडी अशी उजळली की त्यात तोंड बघून घ्यावं. पंक्चरवाल्याला मी गल्लीच्या तोंडाशी उभं केलं होतं. तुमच्या गाड्या दिसल्या की शिट्टी मारायची. त्याने मारली, आणि आत दाजींनी खटका खाली ओढला. क्रशर, कॉम्प्रेसर, पंप, सगळं गप. बाबांची शिस्त तुला माहीतच आहे, पाहुणा उंबऱ्यात आला की यंत्र बंद, घरी आलेल्या माणसाला ओरडून बोलायला लावायचं नाही. मीटर बघायला आलेल्यासाठीसुद्धा ते बंद करायचे. मग तुमच्या अध्यक्ष बाईंसाठी नको? आपण बंद केलं म्हटल्यावर गल्लीनेही केलं. पंक्चरवाल्याने हवेचा पंप, न्हाव्याने रेडिओ. एक ट्रकवाला इंजिन चालू ठेवून होता, त्याच्याकडे काकूंनी असं बघितलं की त्याने किल्लीच खिशात घातली.

तो तीन पायांच्या घोडीवर काळा डबा लावून उभा असलेला पोऱ्या कोण होता रे? मला वाटलं भाषण टेप करतोय. म्हणून मी सगळ्यांना ओठांवर बोट ठेवून दटावत होते. काकूंना शिंक आली ती त्यांनी पदरात दाबली.

अध्यक्ष बाई करड्या कुठल्या, लोणी निघाल्या. म्हणाल्या, "इतकी शांत गल्ली! मग तक्रार कसली?" माझी छाती फुगली. मी म्हटलं, "बाई, आमच्याकडे आल्यागेल्याचा मान ठेवतात." त्यांनी माझा हात हातात घेतला. गार पडलेला होता, तरी सोडला नाही.

तू मात्र एक शब्द बोलला नाहीस. क्रशरवर हात ठेवून उभा होतास आणि खाली बघत होतास. बाबा आठवले ना? मला तेव्हाच कळलं. दाजींना मी रात्री म्हटलं, कितीही मोठा झाला तरी पोरगा आपलाच आहे.

ताई


९ मार्च

ताई,

घाईत लिहितोय. समितीने विधेयक मंजूर केलं! अध्यक्ष बाईंनी अहवालात आपल्या गल्लीचं कौतुक केलं आहे. पुढच्या आठवड्यात सभागृहात येईल. तू गॅलरीत येऊन बसायचं. पास पाठवतोय.

सोबतच्या कागदावर गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या घे. पहिली रात्रपेठ आपलीच व्हायची तर रहिवाशांची संमती लागते. आवाजाबद्दल एक कलम घालावं लागलं, बाईंचा आग्रह. कागदावर असू दे, मोजायला कोण येतंय. तू मनाला लावून घेऊ नकोस.

पाहणीच्या दिवशी मी बोललो नाही याचं कारण तू म्हणतेस तेच.

धाकटा


१२ एप्रिल

धाकट्या,

आम्ही तेव्हा सुखरूप पोचलो, लिहायला महिना लागला. गॅलरीतल्या शिपायाने माझ्या डब्याची पिशवी काढून घेतली आणि परत दिली तेव्हा आतला शिरा निम्मा होता. तक्रार करत नाही, त्याला आवडला असेल तर बरंच आहे. पण तुझ्या सभागृहात रात्रीचा कायदा करणारे निम्मे लोक दुपारी झोपलेले पाहून मला गंमत वाटली.

तू बोललास तेव्हा मात्र सगळे जागे झाले. "ज्या गल्लीत माझे वडील बर्फ फोडत होते" म्हणालास आणि माझा बांध फुटला. शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला मी सांगितलं, माझा भाऊ. तिने विचारलंही नव्हतं.

इकडे पाटी लागली आहे. निळे दिवे, अक्षरं चमचमणारी. पालिकेची नोटीस रद्द झाल्याचं पत्र आलं, ते दाजींनी तुझ्या फोटोशेजारी चिकटवलं. गल्लीत रात्री शहरातली माणसं फिरायला येऊ लागली आहेत. काकूंच्या खानावळीबाहेर रांग! त्या म्हणतात, जन्मात कधी मी कुणाला "थांबा" म्हटलं नव्हतं. हॉटेलने गच्चीवर गाणं-बजावणं सुरू केलंय, पहाटेपर्यंत चालतं. चालू दे. आपल्याला काय, आपण जागेच असतो. काकूंच्या घरमालकाने भाडं वाढवायचं काढलंय खरं, पण त्याची ती जुनीच खोड आहे.

जिंकलो रे आपण. तुझं भलं होवो.

ताई


३ जून

धाकट्या,

फोन सहायकच उचलतो. म्हणून लिहिते, आणि हे पत्र मिळताच मला उत्तर पाहिजे.

परवा तोच काळा डबा घेऊन एक निरीक्षक आला. माणूस सभ्य होता, चप्पल बाहेर काढायला निघाला होता. तक्रार हॉटेलची. क्रशर चालू असताना त्याने दारात डबा लावला आणि मान हलवली. मर्यादेच्या फार बाहेर. मी म्हटलं, "अहो, बर्फ फोडतोय, लोणी नाही." तो म्हणाला, "बाई, रात्रपेठेत मर्यादेच्या वर आवाज गेला तर परवाना जातो. कायदाच आहे." मी विचारलं, ही मर्यादा ठरवली कुणी? त्याने कायद्याची प्रत काढून शेवटचं पान दाखवलं. म्हणाला, "तुमच्याच गल्लीत मोजलंय की. हे बघा, 'कारखान्यात काम चालू असताना घेतलेले मोजमाप.'"

काम चालू असताना! धाकट्या, त्या पोऱ्याने माझं ओठांवरचं बोट मोजलं रे. काकूंची दाबलेली शिंक मोजली. आणि आता आम्हाला आयुष्यभर तितक्याच आवाजात बर्फ फोडायचा आहे.

हॉटेलचं गाणं चालतं ते? म्हणे करमणुकीला वेगळं कलम आहे, त्यांना वेगळी मर्यादा. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. निरीक्षक आमच्या दारात उभा होता तेव्हा गच्चीवरच्या ढोलाने माझ्या खिडकीची काच थरथरत होती. त्याने ती बघितली, पण त्याचा डबा आमच्याकडे तोंड करून होता.

चूक माझी आहे. मीच सगळ्यांना गप्प बसवलं. रात्री झोप नाही मला, आणि दाजींना तर सांगायचीही सोय नाही, ते म्हणतात खटका मी ओढला. तुझ्याही लक्षात आलं नसणार, तूही पाहुण्यांच्या गडबडीत होतास. पण अजून हातातून गेलेलं नाही. सभागृहात उभा राहा आणि सांग की त्या दिवशी यंत्रं बंद होती. पुन्हा येऊन मोजा म्हणावं. तू तिथे होतास, तुझा शब्द कोण खोटा पाडणार? एका वाक्याचं काम आहे.

तोवर क्रशर रात्री बंद ठेवावा लागतोय. बंदरावरच्या व्यापाऱ्यांनी दोन दिवस दम धरलाय.

ताई


१३ जून

महोदया,

आपले दिनांक ३ जूनचे पत्र मा. सदस्यांच्या कार्यालयास प्राप्त झाले. रात्रपेठ कायद्याबाबत आपण दाखविलेल्या आस्थेबद्दल मा. सदस्य आपले आभारी आहेत. आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली असून ती संबंधित विभागाकडे उचित कार्यवाहीसाठी पाठविण्यात येत आहे. सोबत कायद्याची माहितीपत्रिका जोडली आहे. तिच्या मुखपृष्ठावर आपल्याच गल्लीचे छायाचित्र असल्याचे कळविण्यास आनंद वाटतो.

मा. सदस्यांकरिता,
स्वीय सहायक


१६ जून

धाकट्या,

मी तुझी महोदया नाही.

पाकिटावर माझं अक्षर होतं ना? म्हणजे तू ते ओळखलंस आणि त्याच्याकडे सरकवलंस. बरं, हेही त्यानेच वाचलं तर वाचू दे. बाळा, तुझ्या साहेबाला सांग, व्यापारी गेले. खाडीपलीकडच्या मोठ्या कारखान्याचा फोडलेला बर्फ येतो आता. आमच्या लाद्या टाकीत पडून आहेत. निम्म्या हमालांना मी नाही म्हटलं. त्यातला म्हातारा आहे ना, जो तुझ्या साहेबाला खांद्यावर घेऊन बंदर दाखवायचा, तो म्हणाला, "आपला आमदार काहीतरी करेल." मी मान हलवली.

माहितीपत्रिकेवरचा फोटो छान आहे. खानावळीचा आहे. त्यातल्या काकूंनी काल खानावळ सोडली. वाढलेल्या भाड्यापुढे नाकापेक्षा मोती जड झाला. रात्री येणारे हमालच नाहीत, आणि शहरातल्या हौशी माणसांना दोन दिवस गंमत वाटते, रोज जेवायला ती येत नाहीत.

आता तूच लिही. तुझ्या हाताने.

ताई


५ जुलै

ताई,

तुझं ३ जूनचं पत्र मीच वाचलं होतं. त्याच दिवशी. उत्तर सुचलं नाही म्हणून त्याच्याकडे दिलं. त्याला दोष देऊ नकोस.

तुला वाटतं माझ्या लक्षात आलं नाही. खोटं लिहिणं जमेना, म्हणून इतके दिवस गेले. ताई, मी गाडीतून उतरत होतो आणि गल्ली गप्प झाली. ज्या आवाजात मी पाढे पाठ केले तो बंद पडलेला मला कळणार नाही? मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात अध्यक्ष बाई म्हणाल्या, "इतकी शांत गल्ली!" आणि मला दिसलं की त्यांना होकार द्यायला निमित्त मिळालंय. त्या क्षणी क्रशर सुरू करायला सांगितला असता तर विधेयक तिथेच संपलं असतं. खरा आवाज मोजून रात्रपेठ कधीच झाली नसती. मला वाटलं, आधी कायदा पदरात पाडून घेऊ. कोण येतंय मोजायला? आपल्याकडे कुठला नियम कोण पाळतं? हिशोब चुकला.

'काम चालू असताना' हे शब्द माझे नाहीत. पण अहवालावर माझी सही आहे.

आता उभं राहून सांग म्हणतेस. काय सांगू? समितीला फसवलं, आणि मी बघत होतो? बाई आता मंत्री आहेत. या कायद्यावर इतर शहरांतही पेठा जाहीर होत आहेत, तिथल्या बेकऱ्या, छापखाने, गॅरेजं यांना खरोखर फायदा होतोय. हे मी मनाचं समाधान म्हणून लिहीत नाही, खरंच होतोय. मी बोललो तर सगळंच कोसळेल. आणि हो, माझंही. तेही लिहून टाकतो.

मी तुला वाऱ्यावर सोडणार नाही. हायवेपलीकडच्या औद्योगिक वसाहतीत तुला जागा मिळवून देतो, तिथे रात्रंदिवस फोडा. इथली इमारत हॉटेलवाले चांगल्या किमतीला घ्यायला तयार आहेत. पाडणार नाहीत. रात्री गाण्याची, बसण्याची जागा करणार, नाव 'बर्फघर'. जुना क्रशर दिव्यांखाली तसाच ठेवणार, आणि बाबांचा फोटो भिंतीवर. मला ते ऐकून बरं वाटलं. तुलाही वाटेल, राग उतरल्यावर.

दाजींची तब्येत कशी आहे?

धाकटा


२ सप्टेंबर

ताई,

उत्तर नाही. पाठवलेली माणसं सांगतात, कारखान्याला कुलूप आहे. फोन लागत नाही. न्हाव्याचं दुकानही बंद दिसलं म्हणे. जागेचे कागद तयार आहेत, फक्त तुझी सही हवी. एकदा ये, नाहीतर मी येतो. कुठे येऊ ते तरी कळव.

धाकटा


१४ ऑक्टोबर

धाकट्या,

सप्टेंबरचं पत्र न्हाव्याच्या मेव्हण्याकडून फिरत फिरत मिळालं. जुलैच्या पत्राला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण दाजी म्हणाले, त्याने खरं लिहिलंय, खऱ्याला उत्तर द्यावं. ते तुझ्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा बरे आहेत. तब्येत विचारलीस म्हणून सांगते, कानांनी आता नीट ऐकू येत नाही, बाकी बरे.

हायवेपलीकडची जागा नको. तिथे केलेला बर्फ बंदरावर पोचेपर्यंत त्याचं पाणी होणार, आणि पाणी बंदरावर पुष्कळ आहे. मला सांग, ही जागा शोधताना तुझ्या एकदाही मनात आलं नाही? बर्फवाल्याचा पोरगा ना तू?

इमारत विकली. हॉटेललाच. दुसरा कोण घेणार होता? त्या पैशातून हमालांचं चुकतं केलं. क्रशर मात्र दिला नाही. त्यांनी फार आग्रह केला, वेगळे पैसे देतो म्हणाले. भंगारवाल्याला दिला आणि तुकडे होईपर्यंत तिथेच उभी राहिले. ज्याच्या आवाजामुळे आमची भाकरी गेली त्याच्याशेजारी लोकांनी पेले घेऊन उभं राहायचं, हे मला सोसलं नसतं. बाबांचा फोटो माझ्या ट्रंकेत आहे.

काकू मुलीकडे गेल्या. तिथे त्यांना स्वयंपाकघरात शिरू देत नाहीत, "आता आराम कर" म्हणतात. त्या फोनवर रडतात. न्हावी एका मोठ्या दुकानात पगारावर लागला, तिथे त्याला बोलायची बंदी आहे. पंक्चरवाला हॉटेलच्या गाड्या उभ्या करतो, टोपी दिली आहे त्याला. म्हातारा हमाल कुठे गेला ते कोणालाच माहीत नाही. मी शोधलं.

तुझ्या कायद्यावर मी खूप विचार केला. तू लबाड नाहीस. लबाड असतास तर मला सोपं गेलं असतं. पण रात्रीचा धंदा म्हणजे काय रे? रात्री जागी असलेली माणसं. आणि ती कामामुळे जागी असतात. तू काम घालवलंस आणि दिवे ठेवलेस. बेकऱ्यांना, छापखान्यांना फायदा झाला म्हणतोस, होऊ दे, मनापासून होऊ दे. मग एवढंच सांग, त्यांच्या फायद्यासाठी आम्ही बुडायचं हे कुणी ठरवलं? आम्हाला विचारलं असतंस तर कदाचित मी हो म्हटलंही असतं. मोठी बहीण आहे, मला तुझ्यासाठी नुकसान सोसायची सवय आहे. तू विचारलं नाहीस. माझ्याकडून सह्या गोळा करून घेतल्यास. दारोदार मी हिंडले, प्रत्येकाला म्हटलं, माझ्या भावाचं काम आहे, डोळे मिटून सही कर.

मला राग नाही असं लिहिणार होते. कशाला? आहे. फार आहे. सकाळी उठल्यावर पहिला तोच असतो.

आम्ही खाडीपलीकडे आलोय. त्याच मोठ्या कारखान्यात मी लाद्यांवर आहे, दाजी दारावर. मालकीण होते, आता पाळीवर आहे. मुकादम माझ्यापेक्षा लहान आहे आणि मला लादी कशी धरायची ते शिकवतो. मी शिकून घेते. इथे रात्रपेठ नाही, पाटी नाही, कलम नाही. रात्रभर क्रशर चालतात आणि कोणी विचारत नाही. इथला आमदार कोण ते मी मुद्दाम विचारलं नाही. मतदार यादीतलं नाव तेवढं इकडे हलवून घेतलं.

तू तिकडे पुन्हा उभा राहशीलच. गल्लीत गेलास तर दिवे सगळे लागलेले असतील. दार ठोठावायच्या आधी विचार करून ठेव, कोणाचं ठोठावणार आहेस. दुकानांवरच्या ज्या खोल्यांत आपली माणसं राहायची तिथे आता हॉटेलचे पाहुणे उतरतात, आणि पाहुणे मत देत नाहीत.

परवा पाळीवर रेडिओ लागला होता. तू कुठल्यातरी पेठेचं उद्घाटन करत होतास. म्हणालास, "माझी बहीण रात्री बर्फ फोडायची, तिच्यासाठी मी हा कायदा केला." माझ्या शेजारची बाई हातातलं काम थांबवून ऐकत होती. म्हणाली, "बघा, किती माया! भाऊ असावा तर असा." मग मला विचारलं, "तुम्हाला आहे का भाऊ?"

मी नाही म्हटलं. हे दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच तुला कळलेलं बरं.